ऐकू आलं ते लिहायचं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवत बसावं लागत नाही. विश्रांतवाडीतल्या माझ्या घरमालकांचे. त्यांना मी काका म्हणत असे, अजूनही म्हणतो. आईवडिलांची गोष्ट वेगळी. ते सोडले तर मला माणसांत आणलं ते या एका माणसाने, आणि तेही एकही गोड शब्द न बोलता.

मी करमाळ्याकडचा. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. बी. ए. झालो आणि सगळे जातात तसा स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला आलो. अभ्यासिकेतल्या एका मित्राने सांगितलं की विश्रांतवाडीत एका गच्चीवरची खोली रिकामी आहे, पण मालक विक्षिप्त आहे. मी गेलो. काकांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. टीव्हीसमोरच्या स्टुलावर बसवलं, हातात वही दिली आणि बातम्या लावल्या. "ती काय बोलते ते लिहा," म्हणाले. मला वाटलं थट्टा चाललीय, पण खोलीची गरज होती, म्हणून लिहीत सुटलो. दहा मिनिटांनी त्यांनी वही घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि दोन्ही पानं वाचून विचारलं, "हिने मध्ये दोनदा 'अं' केलं. ते कुठे गेलं?"

मी म्हटलं, ते काय लिहायचं.

"ऐकू आलं ते लिहायचं. महत्त्वाचं काय ते वाचणारा ठरवेल. आपण कोण?"

खोली मिळाली. अट एवढीच की रोज सकाळी एक तास काकूंना द्यायचा.

काकूंना ऐकू येत नव्हतं. पन्नाशीत एक मोठं दुखणं झालं, त्याच्या औषधांनी दोन्ही कान गेले. यंत्र लावून पाहिलं, तर त्यात शब्द नाहीत, नुसता गोंगाट. त्या बोलत असत, पण स्वतःचा आवाज कळत नसल्यामुळे कधी शेजारच्या इमारतीला ऐकू जाईल इतकं मोठ्याने, कधी ओठातल्या ओठात. काकांचं बोलणं त्यांना ओठांवरून कळे. तीस वर्षांच्या संसारात समोरचा काय बोलणार हे निम्मं आधीच माहीत झालेलं असतं. परक्यांचं मात्र कळत नसे, आणि टीव्हीवरच्यांचं तर नाहीच, कारण ती माणसं बोलताना निम्मा वेळ पाठ फिरवून उभी असतात. म्हणून काका मालिका रेकॉर्ड करून ठेवत. सकाळी ती लावायची, दोन वाक्यं झाली की थांबवायची, मी ती वहीत लिहायची, काकूंनी वाचायची, मग पुढे. काकांचं स्वतःचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून लिहायला मी. काकूंपर्यंत एकही शब्द कमी पोहोचता कामा नये, या एका गोष्टीवर त्या माणसाचा सगळा दिवस बेतलेला होता. त्यासाठी ते काय वाटेल ते करत, आणि आपण असं काही करतो आहोत हे कुणाला दिसू नये यासाठीही तेवढीच खटपट करत.

त्यांचं कसबा पेठेत टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. डबा टीव्ही गेले, भिंतीवरचे आले, ते दुरुस्त करायला कुणी येईना, दुकान बंद झालं. काका स्वतः मालिकेचा एकही भाग कधी पाहत नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मी आयुष्यभर टीव्ही मागूनच पाहिलाय. पुढून काय दिसतं ते गिऱ्हाइकाने बघावं."

हे सगळं घरात चाललं असतं तर ते नुसते एक तऱ्हेवाईक गृहस्थ ठरले असते. पण काकांचा पाय घरात टिकत नसे. त्यांनी एका शाळेची जुनी मिनीबस घेतली होती. बाकं काढून आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, जादा बॅटरी आणि टीव्ही बसवला होता. छपरावर डिश. बस पांढरी रंगवली होती, पण रंगाखालून पिवळा डोकावत असे, आणि कुठल्याही गावात शिरलं की पोरं दप्तरं सावरून रस्त्याच्या कडेला उभी राहत. महिन्यातले पंधरा दिवस ही मंडळी रस्त्यावर, आणि वही घेऊन मीही सोबत. मला तर सुरुवातीला पुस्तकं घेऊन बसमध्ये चढायची लाजच वाटे. दोनदा पूर्वपरीक्षा नापास झाल्यावर ती लाजही गेली. काका मला "कलेक्टर" म्हणत. "कलेक्टर, पाना द्या." "कलेक्टर, तेवढी बादली." नापास झालो त्या दिवशीही कलेक्टरच म्हणाले. त्याने मला बरं वाटलं होतं, ते का, हे मला नीट सांगता येत नाही.

एका जागी बसणं त्यांना जमतच नसे. चहा कपात वाफाळत असतानाच ते "चला" म्हणत. मुक्काम दोन दिवसांचा ठरला तर तो एकाच दिवसाचा व्हायचा. उभे असतील तर पाय हलत, बसले असतील तर बोटं. दिवसभर गाडी धावे. पण संध्याकाळ झाली की त्यांची मान खिडकीबाहेर जाई, कारण मालिका आठची. पावणेआठला डिश लागलीच पाहिजे. डिशला उपग्रह दिसावा लागतो आणि तो आपल्याकडून आग्नेयेला. त्या बाजूला झाड नको, इमारत नको, डोंगर तर नकोच. त्यामुळे काका कुठल्याही धाब्यावर, पेट्रोल पंपावर, देवळाच्या पटांगणात शिरले की पहिला प्रश्न, "आग्नेय मोकळी आहे का?"

वाघोलीच्या पुढे नगर रस्त्यावर एका धाब्याच्या मालकाने हा प्रश्न ऐकला आणि तो गल्ल्यावरून उठूनच आला. त्याने काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं, मग हळूच म्हणाला की आग्नेयेला भिंत हाय, भटारखाना मागं उत्तरेला हाय, म्हणूनच धंदा बसलाय का. काकांना आधी काही कळेना. मग कळलं की तो त्यांना वास्तुशास्त्राचा जाणकार समजतोय. दुसरा कुणी असता तर हसला असता. काकांनी भिंतीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले की धंद्याचं मला माहीत नाही, पण ही भिंत नसती तर मी इथे थांबलो असतो. आम्ही तिथून निघालो आणि दोन किलोमीटरवर एका उघड्या शेतात डिश लावली. पुढच्या फेरीत पाहिलं तर धाब्याची ती भिंत पाडलेली. काका म्हणाले, "बरं केलं." आणि जेवायला थांबलो.

एवढी दगदग कशासाठी, असं मी त्यांना एकदाच विचारलं. घरी बसून हेच सगळं आरामात झालं असतं. शिवाय मालिका मोबाईलवरही दिसते. मोबाईलवर लग्नाएवढा जमाव किल्लीच्या भोकातून बघायचा, असं काहीतरी पुटपुटून त्यांनी तो विषय संपवला. पहिल्या प्रश्नाला मात्र गाडी चालू करेपर्यंत उत्तर दिलं नाही. त्या इंजिनाचा आवाज असा की शेजारी बसून ओरडलं तरी कळायचं नाही. ते काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही. मी कान पुढे केला. मग ते खरंच ओरडले, "हेच सांगतोय. गाडी चालू असली की आपण तिघंही बहिरे."

मग मला घर आठवलं. दाराची घंटा वाजे आणि काकूंना कळत नसे. भाजीवाला हाक मारून निघून जाई. शेजारणी येऊन त्यांच्या कानाशी ओरडत आणि मग आपसांत बोलत बसत. कुकरची शिट्टी मोजायला जमत नाही म्हणून त्या घड्याळ लावून डाळ शिजवत. बसमध्ये यातलं काही नव्हतं. तिथे काकूंचं काही चुकत नसे.

आता माझ्या चुकीचं सांगतो. त्या मालिकेत एक मोलकरीण होती, आमच्या भागातली भाषा बोलणारी. ती "हाय", "न्हाई", "कुटं" म्हणे, अगदी माझ्या आईसारखं. मी ते "आहे", "नाही", "कुठे" असं लिहीत असे. पुण्यात आल्यापासून मी माझी भाषा घासूनपुसून घेतली होती. अभ्यासिकेत कुणी हसू नये म्हणून एकेक शब्द बदलला होता. वहीत "हाय" लिहिलं असतं तर ते मला शुद्धलेखनाची चूक वाटली असती. काही महिने असेच गेले. एका सकाळी मोलकरणीचा चेहरा पडद्यावर समोरून, अगदी जवळून दिसला. काकूंनी रिमोट घेतला, मागे नेलं, परत पाहिलं, परत मागे नेलं.

"हिने 'हाय' म्हटलं," काकू म्हणाल्या. "तू 'आहे' लिहिलंयस."

मी लिहून दाखवलं की अर्थ तोच आहे.

"म्हणजे इतके दिवस ही बाई माझ्याशी पुण्याची बनून बोलत होती?" त्या खूप मोठ्याने बोलत होत्या आणि त्यांना ते कळत नव्हतं. "अरे, मला दुसरं काही ऐकू येत नाही. तू लिहितोस तेवढंच मला ऐकू येतं. त्यात खोटं घालू नकोस."

काका बाहेर डिशचे बोल्ट आवळत होते. ते आत आले नाहीत, पण आवळणं थांबलं होतं. त्या दिवसापासून मी "हाय" लिहायला लागलो. आधी हात अडखळायचा. मग एक दिवस आईचा फोन आला आणि बोलता बोलता माझ्याच तोंडून "बरं हाय" गेलं. माझ्या लक्षातही आलं नाही, काका हसले तेव्हा आलं. आज मी वाघोलीला राहतो. शिकवण्याच्या व्हिडिओंखाली, ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी, बोलणं जसंच्या तसं लिहून देणाऱ्या एका संस्थेत नोकरी करतो. कलेक्टर झालो नाही. पण ज्या दिवशी नोकरी लागली त्या दिवशी परीक्षेत मला विचारलं गेलं ते हेच, ऐकलेलं लिहून दाखवा. मी वक्त्याचा "अं" सुद्धा सोडला नव्हता.

हे सगळं त्यांचं देणं. आणि तरी दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्यापासून एक गोष्ट लपवली.

आम्ही एका तालुक्याच्या गावी थांबलो होतो. सकाळी डिश उतरवताना काकांच्या छातीत दुखायला लागलं. घाम आला. काकूंनी हट्टाने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला. जाड मिशांचे, मान खाली घालून बोलणारे गृहस्थ होते, त्यामुळे काकूंना काही कळत नव्हतं. त्यांनी नेहमीसारखी वही माझ्यापुढे केली. डॉक्टर म्हणत होते की हृदयाला रक्त कमी पोहोचतंय, अडथळा असणार, आजच पुण्याला जाऊन मोठ्या डॉक्टरांना दाखवा, आणि गाडी अजिबात चालवायची नाही, आज नाही आणि कदाचित पुढेही नाही. काका शर्टाची बटणं लावत होते. त्यांनी काकूंकडे पाठ केली आणि शांतपणे म्हणाले, "पित्त लिही, कलेक्टर."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ज्या माणसाने मला "अं" गाळू दिला नव्हता, तो हे सांगत होता. त्यांना मरणाची भीती वाटत नव्हती असं नाही. पण गाडी गेली की काकू परत त्या घरात, त्या घंटेपाशी. हे मला त्यांच्या पाठीवरूनही कळत होतं. मी लिहिलं, "पित्त झालंय. तिखट कमी करा."

काकूंनी ते वाचलं आणि बरं म्हणाल्या. बसमध्ये गेल्यावर त्यांनी मिरच्यांची चटणी, ठेचा, लाल तिखटाचा डबा, सगळं एका पिशवीत घालून शेजारच्या टपरीवालीला देऊन टाकलं. दुपारी फिक्कं वरण केलं. काकांनी ते मिटक्या मारत खाल्लं आणि गाडी चालवायला बसले. रात्रीही फिक्कंच. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू मला सांगत होत्या की काकांचा चेहरा बघ कसा उतरलाय, तिखटाशिवाय त्यांना जेवण जात नाही, पण पित्तापुढे इलाज नाही. त्या मोठ्या मनाने, मोठ्या काळजीने एका खोट्या शब्दाची सेवा करत होत्या. तो शब्द माझ्या अक्षरात होता.

मालिकेचा भाग लावला. दोन वाक्यं झाली, मी थांबवलं, आणि वहीत मालिकेतलं काही न लिहिता डॉक्टर बोलले ते सगळं लिहिलं. काकूंनी वाचलं. पान उलटून पाहिलं.

"आणखी काय? सगळं लिही."

मी लिहिलं, "काका म्हणाले, पित्त लिही. मी लिहिलं."

त्यांनी पान पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "पुढचं लाव." आम्ही उरलेला भाग पूर्ण पाहिला, शेवटच्या वाक्यापर्यंत. मग त्यांनी ते पान फाडून पदराच्या टोकात बांधलं, खाली उतरल्या आणि काकांसमोर उभ्या राहिल्या. "अहो, गाडी पुण्याला न्यायची. दुसरा ड्रायव्हर बोलवा. मिशा असल्या म्हणून काय झालं, डॉक्टरचे ओठ मला दिसत होते."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी खाली पाहत होतो.

गावातला ड्रायव्हर आला. काका पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीत मागे बसले आणि पुण्यापर्यंत त्याच्या गिअर टाकण्याला नावं ठेवत आले. त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, गाडी मात्र बंद झाली. ती आता इमारतीच्या मागे उभी आहे आणि काका दिवसातून चारदा तिच्यात जाऊन नुसते बसून येतात.

हे इथे संपलं असतं तर मी गप्प राहिलो असतो. शस्त्रक्रियेनंतर लगेच मला नोकरी लागली आणि मी खोली सोडली; त्यानंतर निवांत असा गेल्या महिन्यातच त्यांच्याकडे गेलो. काका गेली दोन वर्षं भेटेल त्याला सांगतात की आमच्या हिने मिशीवाल्या डॉक्टरचे ओठ वाचून माझा जीव वाचवला. त्याचा त्यांना फार अभिमान आहे. आणि म्हणूनच, ओठ इतके वाचता येतात तर लिहिण्याची गरज काय, असं म्हणून त्यांनी मालिका रेकॉर्ड करणं बंद केलंय. मी गेल्यावर नवा लिहिणाराही शोधला नाही. काकू टीव्हीसमोर बसल्या होत्या. माणसं बोलत होती, पाठ फिरवत होती, रडत होती. मी वहीच्या कोपऱ्यात लिहून विचारलं, काय चाललंय मालिकेत? त्या म्हणाल्या, "असंच. नेहमीचं." मग त्यांनी काकांकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. सांगू नकोस, एवढाच तिचा अर्थ होता. मला वाचवण्यासाठी त्या दोन वर्षं एकही शब्द न ऐकता बसल्या होत्या.

घरी आलो आणि हे पत्र लिहिलं. समोर बोललो असतो तर काकांनी वाक्य पुरं होऊ दिलं नसतं. लिहिलेलं मात्र ते शेवटपर्यंत वाचतात.

तीर्थरूप काकांस,

साष्टांग नमस्कार.

वडिलांखेरीज दुसऱ्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप लिहायचं असतं, हे आम्हांला शाळेत शिकवलं होतं. वर तीर्थरूप लिहिलंय ते चुकून नाही.

काकूंना डॉक्टरांचे ओठ कळले नव्हते. मीच त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं लिहून दाखवलं, तुम्ही बाहेर डिशपाशी होतात तेव्हा. डॉक्टर बोलले ते, आणि तुम्ही मला सांगितलंत तेही. तुमच्यावर रागावून लिहिलं नाही. काकू आमटीत तिखट घालत नव्हत्या, ते मला बघवेना. त्यांनी माझं नाव लपवलं, कारण तुम्ही मला खोलीतून काढाल असं त्यांना वाटलं असावं. तुम्ही काढलं असतंत तरी मला ते चुकीचं वाटलं नसतं.

टीव्हीवरच्यांचे ओठही त्यांना कळत नाहीत. गेली दोन वर्षं त्या नुसत्या बघत आहेत. तुम्ही विचारलंत तर त्या सगळं कळतं म्हणतील. विचारू नका. आजपासून आठचे भाग रेकॉर्ड करायला लागा. मी दर रविवारी सकाळी येतो आणि आठवड्याचं सगळं लिहून देतो. रोज सकाळी लिहायला कुणी मिळतंय का तेही बघतो. अक्षर चांगलं हवं, आणि ऐकलेलं जसंच्या तसं लिहिणारा हवा. तुम्ही घ्याल ती परीक्षा त्याला देऊ दे.

तुम्ही मला काय दिलंत ते मी तुम्हांला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही ते ऐकून घेतलं नसतं. या पत्रातही सांगत नाही. पण माझ्या आईशी मी आता आमच्या भाषेत बोलतो, आणि ती म्हणते की पोरगं परत आलं.

पाकिटावर तुमचं नाव आहे. पण पत्रपेटी काकूच उघडतात, हे मला माहीत आहे. त्यांनी हे आधी वाचलं तर वाचू द्या. यात त्यांना ठाऊक नाही असं काहीच नाही.

आपला,
कलेक्टर